कॉड माशाची कुळकथा

एके काळी मध्यमवर्गीय मराठी घरातील औषधांच्या फळीवर कॉड लिव्हर ऑइलची बाटली हमखास असे. थंडी पडली, की घरातील मुलांना ओळीने उभे करून चमचा-चमचा तेल पाजले जाई. त्या तेलाचा वास आणि मागाहून बराच वेळ तोंडात रेंगाळणारी चव आज साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. ज्या माशाच्या यकृतापासून हे तेल निघते तो कॉड मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. कारण आपल्याकडील उष्ण समुद्रात तो राहतच नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून आइसलँड, ब्रिटन, नॉर्वे आणि पुढे रशियाच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रापर्यंत पसरलेला उत्तर अटलांटिकचा थंडगार पट्टा हे त्याचे घर.

हजार वर्षांहून अधिक काळ या माशाने युरोपातील कोट्यवधी माणसांना जेवू घातले. त्याच्या व्यापारावर बंदरे उभी राहिली, जहाजे बांधली गेली, प्रसंगी राष्ट्राराष्ट्रांत तंटेही झाले. इतक्या जुन्या ओळखीनंतरही या माशाविषयी एक साधा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. समुद्राला भिंती नाहीत, कुंपण नाही. मग त्यात मुक्तपणे पोहणारा कॉड हा सगळा मिळून एकच समुदाय मानावा, की त्यातही वेगवेगळी कुळे आहेत? वरवर पाहता हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा वाटेल. वस्तुतः मासेमारीचा परवाना कोणाला, किती आणि कधी द्यावा, हे याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. ते उत्तर चुकले तेव्हा काय घडले, हे पुढे येईलच.

भटका आणि घरकोंबडा

नॉर्वेच्या उत्तर भागात, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, लोफोटेन नावाची डोंगराळ बेटांची रांग समुद्रात शिरलेली आहे. दर वर्षी जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान या बेटांच्या आश्रयाला कॉड माशांचे प्रचंड थवे अंडी घालण्यासाठी येतात. हे मासे एरवी दूरच्या बॅरेंट्स समुद्रात राहतात आणि शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचतात. नॉर्वेजियन लोक त्यांना ‘स्क्रेई’ म्हणतात. या शब्दाचे मूळ, पुढे सरकत जाणे, भटकणे अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स धातूत आहे. पकडलेले मासे मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून गार वाऱ्यात सुकवतात. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वलांडीवर वाळत घातलेले बोंबील ज्यांनी पाहिले असतील त्यांना लोफोटेनचे छायाचित्र पाहून घरची आठवण यावी. फरक इतकाच, की तेथे सूर्यापेक्षा वाराच अधिक काम करतो. इ. स. 1431च्या अखेरीस जहाज फुटून लोफोटेनजवळच्या रोस्ट बेटाला लागलेला व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी परत जाताना हा सुका मासा सोबत घेऊन गेला, आणि इटलीला त्याची जी गोडी लागली ती आजतागायत सुटलेली नाही.

याच नॉर्वेच्या खाड्यांमध्ये, ज्यांना तेथे फ्योर्ड म्हणतात, दुसराही कॉड राहतो. तो कोठे जात नाही. जन्मला त्या परिसरात, किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, खेकडे आणि लहानसहान मासे खात तो आयुष्य काढतो. त्याला ‘किनारी कॉड’ म्हणू. एक भटका, तर दुसरा अस्सल घरकोंबडा. विणीच्या हंगामात मात्र हे दोघेही लोफोटेनच्या आसपास एकाच पाण्यात येतात आणि एकाच जाळ्यात सापडतात. लोफोटेनचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या या दोघांत भेद करत आले. रंग, अंगाची ठेवण आणि चव यांवरून ते ओळखतात. पण मच्छीमाराची नजर ही सरकारदरबारी पुरावा ठरत नाही.

शास्त्रज्ञांना शंका येण्याचे कारणही सबळ होते. 1860च्या दशकात गेऑर्ग ओसियान सार्स या नॉर्वेजियन संशोधकाने लोफोटेन येथेच असे दाखवून दिले, की कॉडची अंडी तळाशी न बसता पाण्यावर तरंगतात. एकेक मादी लक्षावधी अंडी घालते; ती अंडी आणि त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले सागरी प्रवाहांबरोबर वाहत जातात. ज्याची संतती जन्मल्याक्षणी प्रवाहाच्या स्वाधीन होते, त्याची वेगळी कुळे टिकणार तरी कशी? एका मादीची लक्षावधी अंडी आणि अथांग समुद्र, या हिशेबातूनच आणखी एक समज बळावला. 1883 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवसाय प्रदर्शनात थॉमस हेन्री हक्सली यांच्यासारख्या नामवंत जीवशास्त्रज्ञाने कॉडसारख्या मोठ्या सागरी मत्स्यसाठ्यांना माणसाच्या मासेमारीने गंभीर धक्का लागणार नाही, असे मत मांडले. त्या काळच्या शिडाच्या होड्या आणि गळ पाहता ते मत अगदीच अवाजवी नव्हते. पुढे वाफेवर आणि डिझेलवर चालणारी ट्रॉलर जहाजे आली, परंतु ते मत मात्र बराच काळ तसेच राहिले.

कानातला खडा

पहिला भक्कम पुरावा मिळाला तो माशाच्या कानातून. कॉडच्या डोक्यात, कानाच्या आतल्या पोकळीत चुन्याचा एक छोटा खडा असतो. तोल सांभाळण्यासाठी आणि ऐकण्यासाठी त्याचा उपयोग होतो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षागणिक वलये पडतात, तशी या खड्यातही पडतात; त्यांवरून माशाचे वय मोजता येते. 1930च्या दशकात गुन्नार रोलेफसेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने असे हजारो खडे पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले, की आतल्या पहिल्या दोन वलयांचा आकार सर्व माशांत सारखा नाही. भटक्या स्क्रेईचा एक नमुना, किनारी कॉडचा दुसरा. खडा फोडून भिंगाखाली धरला, की मासा कोणत्या गटातला हे बहुतेक वेळा सांगता येऊ लागले. ही पद्धत नॉर्वेत पुढे अनेक दशके वापरात राहिली.

तरीही एक आक्षेप उरलाच. गार आणि खोल पाण्यात वाढलेल्या माशाच्या कानातील खडा वेगळ्या आकाराचा होणे यात नवल ते काय? दोन भावांपैकी एक मुंबईत वाढला आणि दुसरा महाबळेश्वरला, तर त्यांच्या अंगकाठीत फरक पडेल. म्हणून त्यांचे कूळ वेगळे ठरत नाही. फरक जन्मजात आहे की परिस्थितीजन्य, हे ठरवायचे तर रक्त तपासायला हवे होते.

1960च्या दशकात तेच झाले. क्नुट सिक या डॅनिश संशोधकाला कॉडच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार आढळले. नॉर्वेच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे तसतसे एका प्रकाराचे प्रमाण घटत जाते, आणि उत्तरेकडील स्क्रेईमध्ये तर ते फारच कमी असते, असे सिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. 1990च्या दशकात ‘पॅन-वन’ नावाच्या एका जनुकाने हा भेद अधिकच ठळक केला. या जनुकाची दोन रूपे आहेत. किनारी कॉडमध्ये बहुतांशी एक रूप, तर स्क्रेईमध्ये बहुतांशी दुसरे.

येथे वाद मिटायला हवा होता, पण तो उलट वाढला. कारण शास्त्रज्ञांनी दुसरी जनुकीय चिन्हे तपासली तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. मग पॅन-वन खरे, की बाकीची चिन्हे?

या कोड्याची उकल समजून घेण्यासाठी सागरी माशांच्या संख्येचा विचार करावा लागतो. डोंगरातल्या एकाकी तळ्यात शंभर मासे असतील, तर पिढ्यांच्या ओघात त्यांची जनुके केवळ योगायोगानेही बदलत जातात. शेजारच्या तळ्याशी त्यांचे साम्य लवकर संपते. समुद्रात माशांची संख्या कोटींच्या घरात असते. इतक्या मोठ्या समुदायात योगायोगाचा प्रभाव नगण्य ठरतो. त्यातच एका गटातील थोडे मासे जरी दर पिढीत दुसऱ्या गटात मिसळत राहिले, तरी बहुतेक जनुकांच्या बाबतीत दोघे एकसारखेच दिसत राहतात. परंतु जी जनुके जगण्यामरण्याशी संबंधित असतात, थंडी सोसणे, खोल पाण्याचा दाब सहन करणे, यांसारख्या गुणांशी ज्यांचा संबंध असतो, त्यांच्यावर नैसर्गिक निवडीची सतत पकड असते. अयोग्य जनुके घेऊन आलेला पाहुणा टिकत नाही, किंवा त्याची पिले टिकत नाहीत. म्हणून नव्याण्णव ठिकाणी सारखे दिसणारे दोन समुदाय शंभराव्या ठिकाणी कमालीचे भिन्न असू शकतात. आधीच्या संशोधकांपैकी कोणीच चुकले नव्हते. प्रत्येकजण पोथीतले वेगळे पान वाचत होता इतकेच.

उलटा बांधलेला गठ्ठा

2011 साली ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने कॉडच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. आता एकेका पानाऐवजी सगळी पोथीच हाती आली. त्यानंतरच्या काही वर्षांत स्क्रेई आणि किनारी कॉड यांची तुलना झाली तेव्हा दिसले, की दोघांतील भेद जनुकसंचभर विखुरलेला नसून मुख्यतः काही मोजक्या भागांत एकवटलेला आहे. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा भाग पहिल्या गुणसूत्रावर आहे. सुमारे 1 कोटी 70 लाख अक्षरांचा, सातशेहून अधिक जनुके असलेला हा तुकडा स्क्रेईमध्ये चक्क उलटा बसलेला आहे. नेमके सांगायचे तर शेजारशेजारचे दोन तुकडे उलटले आहेत. पॅन-वन जनुक याच तुकड्यात बसते.

गुणसूत्राचा तुकडा उलटल्याने काय बिघडते, किंवा काय साधते? एरवी अंडे अथवा शुक्रपेशी तयार होताना आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले गुणसूत्र शेजारी येऊन आपापसांत भागांची देवाणघेवाण करतात. पत्त्यांचा कॅट पिसावा तशी जनुके पिसली जातात. परंतु एका गुणसूत्रावरचा तुकडा सुलटा आणि दुसऱ्यावरचा उलटा असेल, तर त्या भागापुरती ही देवाणघेवाण जमत नाही. परिणामी त्या तुकड्यातील सारी जनुके एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या तशीच पुढे जातात. भटक्या जीवनाला उपयुक्त अशी शेकडो जनुके एकेकटी विखुरली असती, तर दोन गटांच्या संकरात ती केव्हाच मिसळून गेली असती. उलटलेल्या तुकड्यामुळे ती एकत्र टिकली. ही उलटापालट अलीकडची नव्हे. ती काही लाख वर्षांपूर्वी झाली असावी असे अभ्यासक मानतात. म्हणजे लोफोटेनला पहिला माणूस पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून हा गठ्ठा बांधलेला होता.

या गठ्ठ्यात आहे तरी काय? त्यातील काही जनुकांचा संबंध माशाच्या वाताशयाशी, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीशी असावा, असा संशोधकांचा कयास आहे. स्क्रेई भक्ष्याच्या शोधात कित्येक शंभर मीटर खोल उतरतो, तर किनारी कॉड उथळ पाण्यात रमतो. खोल पाण्याचा दाब वाढला, की ही पिशवी दबते. ती सांभाळण्याची क्षमता दोघांत सारखी असून चालणार नाही. आइसलँडच्या कॉडने या तर्काला बळ दिले. तेथील माशांच्या अंगावर खोली आणि तापमान नोंदवणारी छोटी यंत्रे बसवून त्यांना समुद्रात सोडले आणि पुन्हा पकडून नोंदी वाचल्या. खोल पाण्यात ये-जा करणाऱ्या माशांत पॅन-वनचे एक रूप, आणि उथळ पाण्यात राहणाऱ्यांत दुसरे रूप अधिक आढळले.

या जनुकीय खुणांचा एक अनपेक्षित उपयोग इतिहासाला झाला. उत्तर जर्मनीतील हेडेबी हे व्हायकिंग काळातील मोठे व्यापारी केंद्र होते. तेथील उत्खननात मिळालेल्या, सुमारे इ. स. 800 ते 1066 या काळातील कॉडच्या हाडांतून डीएनए मिळवून तो 2017 साली तपासण्यात आला. काही हाडांनी आपले मूळ गाव सांगितले. ते मासे आर्क्टिक प्रदेशातून आलेल्या स्क्रेई कुळातले होते. लोफोटेनचा सुका मासा हजार वर्षांपूर्वी जर्मनीच्या बाजारात पोहोचत होता, ही गोष्ट कोणत्याही दप्तरात नोंदलेली नव्हती. ती नोंद माशाच्या हाडातच होती.

गोडसर समुद्रातला कॉड

भेद केवळ स्थलांतराचा नाही. स्वीडन, पोलंड, जर्मनी यांनी वेढलेला बाल्टिक समुद्र हा अगदी निराळाच प्रकार आहे. मोठमोठ्या नद्यांचे पाणी त्यात येते आणि अटलांटिकशी त्याचा संबंध अरुंद सामुद्रधुन्यांतून तेवढा. अटलांटिकच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मध्य बाल्टिकच्या पृष्ठभागावर जेमतेम 7 ते 8. हा समुद्र आजच्यासारखा निमखारा होऊन सुमारे आठ हजार वर्षे झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ क्षणभराचाच.

कॉडच्या दृष्टीने येथील मोठी अडचण अंड्यांची आहे. खाऱ्या पाण्यात सहज तरंगणारे अंडे गोडसर पाण्यात बुडते. बाल्टिकच्या तळाशी प्राणवायूचा तुटवडा असतो. तेथे पोहोचलेले अंडे गुदमरून मरते. पूर्व बाल्टिकच्या कॉडने यावर तोड काढलेली दिसते. त्याची अंडी आकाराने मोठी आणि अधिक पाणीदार असतात. ती वरच्या गोड्या आणि खालच्या मृतप्राय थरांच्या मध्ये, जेथे पुरेसे मीठही आहे आणि पुरेसा प्राणवायूही, अशा एका पट्ट्यात तरंगत राहतात. त्याच्या शुक्रपेशीही इतक्या कमी खाऱ्या पाण्यात हालचाल करू शकतात; उत्तर समुद्रातील कॉडच्या शुक्रपेशींना ते साधत नाही. म्हणजे बाल्टिकचा कॉड संपला, तर शेजारच्या समुद्रातून मासे आणून त्याची भरपाई करता येणार नाही. बाहेरून आलेल्याची अंडी तेथे तरंगणारच नाहीत.

आणि बाल्टिकचा कॉड खरोखरच संकटात आहे. 2019 सालापासून पूर्व बाल्टिकमध्ये त्याची थेट मासेमारी बंद आहे. तरीही साठा सावरलेला नाही, आणि सापडतात ते मासे किरकोळ अंगाचे. तसे का, याचा एक उलगडा 2025 साली जर्मनीतील कील येथील गिओमार सागरी संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पुढे आणला. पुन्हा एकदा कानातला खडाच कामी आला. 1996 ते 2019 या काळातील 152 माशांचे जपून ठेवलेले खडे त्यांनी घेतले. वलयांवरून प्रत्येक माशाच्या वाढीचा वेग काढला आणि त्यांचा डीएनएही वाचला. चोवीस वर्षांत मासा जास्तीत जास्त जेवढा वाढू शकतो ती लांबी सुमारे निम्म्यावर आली होती, आणि भराभर वाढणाऱ्या माशांची जनुकीय रूपे समुदायातून मागे पडत गेली होती. जाळ्यात मोठा मासा अडकतो, लहान निसटतो. वर्षानुवर्षे हेच चालले, की लवकर मोठे होणे हाच माशाचा दोष ठरतो. सावकाश वाढणारा, लहान वयातच अंडी घालणारा मासा मागे उरतो आणि पुढची पिढी त्याचीच होते. बाल्टिकमध्ये प्राणवायूचा तुटवडा, अन्नाची टंचाई आणि यकृतातील कृमी हीदेखील कारणे आहेत. सारा दोष जाळ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. पण जाळ्याचा वाटा आता जनुकांत दिसतो आहे.

सर्वत्र असेच घडते असे मात्र नाही. नॉर्वेतील 1907 सालच्या आणि कॅनडातील 1940 सालच्या कॉडचे जपून ठेवलेले नमुने आजच्या माशांशी ताडून पाहणारा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकातील प्रचंड मासेमारीनंतरही तेथील कॉडच्या जनुकसंचात मोठी हानी अथवा ठळक बदल आढळला नाही. प्रचंड संख्येचे आणि मोकळ्या समुद्रातील साठे अधिक सोसतात, बाल्टिकसारखे कोंडलेले कमी, असा याचा अर्थ लावता येतो. कुळे वेगळी असतील, तर त्यांची सोसण्याची ताकदही वेगळी असणार.

ग्रँड बँक्सची बुडीत खाती

न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला समुद्रतळाचा विस्तीर्ण उथळ पट्टा आहे. त्याचे नाव ग्रँड बँक्स. या बँकेचा आपल्या परिचयाच्या बँकेशी संबंध नाही. समुद्रातील उथळ पठाराला इंग्रजीत हाच शब्द आहे. तरीही तेथे जे घडले ते कोणाही बँक कर्मचाऱ्याला चटकन उमगावे. 1968 साली या भागातून सुमारे 8 लाख टन कॉड पकडला गेला. मुद्दलाला हात न लावता व्याजावर गुजराण करावी, हा साधा नियम तेथे पाळला गेला नाही. 1980च्या दशकात किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासे पकडणारे लोक सांगत होते, की खाडीत मासा येईनासा झाला आहे. खोल समुद्रातील ट्रॉलरना मात्र मासे मिळतच होते, आणि साठ्याचा अंदाज एकत्रितपणे मांडला जात होता. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यातील खडखडाट झाकत होती.

2 जुलै 1992 रोजी कॅनडा सरकारने उत्तरेकडील कॉडची मासेमारी थांबवली. सुमारे तीस हजार माणसांची रोजीरोटी एका दिवसात गेली. पाच शतकांचा व्यवसाय बंद पडला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी तीन दशके लांबली, आणि 2024 साली कोठे मर्यादित प्रमाणात व्यापारी मासेमारीला पुन्हा मुभा मिळाली. विशेष म्हणजे बंदीनंतर खोल समुद्र ओस पडला असताना 1995 साली स्मिथ साउंड या खाडीत कॉडचा एक दाट थवा हिवाळा काढताना आढळला. किनाऱ्याजवळ हिवाळा काढणारे आणि खोल समुद्रातील मासे जनुकीयदृष्ट्या काहीसे वेगळे असल्याचे कॅनडातील संशोधकांनी 1996 साली नोंदवले. वेगळी खाती आहेत हे कळले, पण तोवर त्यांतली बहुतेक रिकामी झाली होती.

आपल्या किनाऱ्यालाही हा विषय परका नाही. कोकणातून गोवा, कर्नाटकमार्गे केरळपर्यंत गोरगरिबांच्या ताटात असणारी तारली घ्या. केरळात 2012 साली तिचे उत्पादन 4 लाख टनांच्या घरात होते; 2021 साली ते सुमारे 3,300 टनांवर आले. समुद्राचे तापमान, पाऊस, अन्न अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने 2023 साली तारलीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध केले. ओमानच्या बाजूची तारली आणि भारताच्या किनाऱ्यावरची तारली जनुकीयदृष्ट्या भिन्न असल्याचे तेथील संशोधकांनी त्याआधीच दाखवले होते.

हेनिंग्सवेरची तपासणी

शेवटी पुन्हा लोफोटेनला यावे लागते, कारण या साऱ्या ज्ञानाचा रोजच्या व्यवहारात उपयोग कसा करावा, हे तेथे पाहायला मिळाले. स्क्रेईचा साठा आज जगातील कॉडचा सर्वांत मोठा साठा आहे. तथापि तोही अक्षय नाही. नॉर्वे आणि रशिया यांनी मिळून ठरवलेली त्याची वार्षिक मर्यादा 2013 साली 10 लाख टन होती. 2025 सालासाठी ती 3 लाख 40 हजार टनांवर आणावी लागली. किनारी कॉडची स्थिती त्याहून नाजूक. स्क्रेईवर टाकलेल्या जाळ्यात तोही ओढला जातो आणि त्याची संख्या मुळातच कमी. एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याची मासेमारी सरसकट बंद करावी, तर हजारो कुटुंबांचा हंगाम बुडतो.

लोफोटेनच्या हेनिंग्सवेर गावाजवळ किनारी कॉडचे विणीचे एक जुने क्षेत्र आहे. तेथे एक निराळी व्यवस्था अमलात आली. हंगाम सुरू होताना हे क्षेत्र मासेमारीला बंद असते. ठरवून दिलेल्या होड्या तेथून नमुन्यादाखल मासे आणतात. त्यांचा छोटासा तुकडा विमानाने प्रयोगशाळेत जातो आणि सुमारे चोवीस तासांत पॅन-वन जनुकाची तपासणी होते. नमुन्यात किनारी कॉडचे प्रमाण जास्त निघाले, तर क्षेत्र बंदच राहते. स्क्रेईचे थवे येऊन दाखल झाले आणि त्यांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, की क्षेत्र खुले होते. 2007 सालापासून पुढे दहाहून अधिक हंगाम हे चालले आणि हजारो माशांची अशी तपासणी झाली. धनादेश वटवण्याआधी खात्यावरची सही ताडून पाहावी, तसाच हा प्रकार.

अर्थात बंदरात होड्या उभ्या असतात, हवा चांगली असते, समोरच्या पाण्यात मासा उसळत असतो आणि निकाल आलेला नसतो, तेव्हा मच्छीमारांना एक दिवसही मोठा वाटतो. वाट पाहण्यावरून कुरबुरी होतातच. पण निकाल आला, की जाळी होडीत चढवली जातात आणि फेब्रुवारीच्या अंधुक उजेडात होड्या वेस्टफ्योर्डच्या पाण्यात शिरतात. मांडवांवर मागच्या आठवड्याचे मासे जोडीजोडीने टांगलेले असतात. शेपट्यांना बांधलेले, आणि बहुतेक सारे एकाच कुळातले.